बादली उलटण्याआधी

४ मार्च

माननीय मार्गदर्शक मॅडम,

स्वाध्याय पहिला. प्रश्न : 'आपण हा अभ्यासक्रम का करत आहात?'

उत्तर : कारण माझ्या परवान्याची मुदत मे महिन्याच्या शेवटी संपते आणि प्रशिक्षणाचे तास भरल्याशिवाय नवा मिळत नाही. परवाना नसला की नकाशावर सही करता येत नाही, आणि सही करता आली नाही की मी बागेत फिरायला येणारा आणखी एक म्हातारा. 'समावेशक क्रीडांगणे व जलक्रीडा क्षेत्रे : व्यावसायिकांसाठी उजळणी' हे नाव वाचतानाच मला दम लागला होता. उभा जन्म घसरगुंड्या आणि कारंजी बसवण्यात गेला, आता उजळणी.

काल पहिला तास झाला. पडद्यावर सगळे आपापल्या चौकटीत बसलेले, आणि मधल्या चौकटीत तू. मला काही माहीत नव्हतं. तुझ्या आईला माहीत होतं. मी नाव नोंदवत होतो तेव्हा ती मागे उभी राहून म्हणाली, "हाच घ्या, हा बरा दिसतोय." बागकामाच्या कात्रीपलीकडे कशाचीही निवड करायला ती मला मदत करत नाही, तेव्हाच संशय यायला हवा होता.

तीन वर्षांनी तुला पाहिलं ते असं, तळहाताएवढं. केस कापलेस. बारीक झालीस की पडद्यामुळे तसं वाटतं कोण जाणे. तू हजेरी घेत माझ्या क्रमांकापाशी आलीस, क्रमांक वाचलास आणि सरळ पुढे गेलीस. मी 'हजर' म्हणालो होतो. माझा माईक बंद होता.

तर भिंगरी, आता मॅडम पुरे झालं. मला एवढंच विचारायचं आहे की तू घरी कधी येणार?

तुझा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी

ता. क. या उत्तराच्या चौकटीत कितीही मजकूर मावतो असं दिसतंय. सोय चांगली केली आहे.


११ मार्च

भिंगरी,

तुझा शेरा पोचला. 'पहिला परिच्छेद ग्राह्य. उर्वरित मजकूर विषयाशी संबंधित नाही.'

बापाला उर्वरित मजकुरात टाकलंस, शाबास. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, "बरोबरच आहे तिचं." तुमचं दोघींचं दर रविवारी फोनवर बोलणं होतं हे मला ठाऊक आहे. मी चोरून ऐकत नाही. मी फक्त त्याच वेळी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालतो आणि दार उघडं ठेवतो. कुंड्या कुजायला आल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत सगळ्यांसमोर तू जे बोललीस ते तिथे बोलायला नको होतंस, यावर मी अजून ठाम आहे. बागखात्याच्या लोकांसमोर बापाच्या नकाशावर बोट ठेवून "बाबा, हा उतार खुर्चीतल्या मुलाला नुसता वर नेतो आणि दुसऱ्यांची घसरगुंडी बघायला लावतो" असं म्हणायचं? घरी जेवताना म्हणाली असतीस. मी "बाहेर बस" म्हणालो ते त्या एका बैठकीपुरतं. तू कायमचीच बाहेर बसलीस. हेही विषयाशी संबंधित नाही, पण चौकटीत जागा उरली होती.

स्वाध्याय दुसरा : 'आपणच डिझाइन केलेल्या जागी तासभर बसा. बोलू नका, समजावू नका, मदत करू नका. एकाच मुलाकडे पाहा आणि लिहा.'

जुन्या पाणबागेत गेलो. जमिनीतून उडणारे फवारे, हातपंप, पाण्याचे पाट आणि त्यांना अडवायच्या छोट्या फळ्या, आणि मध्ये खांबावरची ती मोठी बादली. भरत भरत जाते आणि भरली की उलटते. उलटण्याआधी घंटा वाजते. घंटेची कल्पना माझी, हे तुला सांगायला नको. न दिसणाऱ्या मुलांना आधी कळावं म्हणून. बाकीच्यांना ती इतकी आवडली की घंटा झाली की सगळी खालीच धावतात.

एक मुलगा पंप मारत होता आणि त्याच्या पाटात पाणी साठत नव्हतं, कारण त्याने फळी खाली पाडलीच नव्हती. मी गप्प राहिलो. त्याने पुन्हा मारला. मी माझे हात मांडीखाली घेतले. त्याने पुन्हा मारला. मग मी उठलो आणि त्याला फळी कशी पाडायची ते दाखवलं. त्याने पाडली, पाणी साठलं, आणि तो निघून गेला. खेळच संपला त्याचा.


१८ मार्च

भिंगरी,

'आपण बोललात. पुन्हा करा.'

बरं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. उत्तर बरोबर आलं की तू 'ग्राह्य' असा एक शब्द टाकतेस. चुकलं की दोन वाक्यं लिहितेस. आता मी काय करावं असं तुला वाटतं?

म्हणून तिसऱ्या स्वाध्यायात, पाण्याच्या टेबलाखाली चाकाच्या खुर्चीसाठी किती जागा ठेवावी या प्रश्नावर, मी लिहिलं की गुडघे घरी ठेवून यावेत. त्यावर तू अर्धं पान लिहिलंस आणि शेजारी आकृती काढून पाठवलीस. टेबल, खुर्ची, खुर्चीतली मुलगी, तिचे पाण्यात बुडालेले हात. तू अजून आधी चाक काढतेस आणि मग माणूस. मी ती आकृती छापून कार्यालयात लावली. तुझ्या पेन्सिलकाकाने कानावरची पेन्सिल काढून ती नीट पाहिली आणि म्हणाला, "अहो भागीदार, परवाना गेला तर दोघं मिळून फुगे विकायचे का?"

चौथ्या स्वाध्यायातही मी चुकणार आहे. निसरड्या फरशीवर उत्तर म्हणून 'मुलांनी जपून चालावे' असं लिहायचं ठरवलं आहे.


२९ मार्च

तुझा शेरा आला. जसाच्या तसा उतरवतो, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही.

'आपली चुकीची उत्तरे मुद्दाम दिलेली दिसतात. असेच चालू राहिल्यास मला आपणास अनुत्तीर्ण करावे लागेल. या मुलांच्या जागा आहेत.'

पहिली दोन वाक्यं मॅडमची होती. तिसरं तुझं होतं. मला राग आला, खरं सांगतो. मी मुलांसाठी काय केलं हे ही पोर मला शिकवणार? खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. शेवटी रुमाल खिशात टाकून पाणबागेत गेलो आणि ठरवलं की आज तोंड उघडायचंच नाही, जीव गेला तरी.

तिथे एक पिवळी टोपी होती. सहा-सात वर्षांची मुलगी. आईने बाकावर पिशवी ठेवली, मुलीने टोपी काढली, कानामागची दोन्ही यंत्रं काढली, आईच्या हातातल्या गोल डबीत ठेवली, टोपी परत घातली आणि पाण्यात. रोजचं असावं. डबीचं झाकण लागायच्या आत ती पाटापाशी पोचली होती.

मी तिच्याकडेच पाहायचं ठरवलं. ती बांध घालत होती. फळी पाडायची, पाणी साठू द्यायचं, चप्पल सोडायची, फळी उचलायची. मी रुमाल दातांत धरला होता. खूप बरं वाटत होतं मला, भिंगरी. तिला कोणी काही सांगत नव्हतं आणि ती सगळं शोधून काढत होती. तू तासाला हेच सांगत असतेस आणि मी तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत असतो.

मग घंटा वाजली.

सगळी मुलं बादलीखाली धावली. ती पाठमोरी होती, ओणवी, चपलेत गुंतलेली, बरोबर खाली. मी उठून ओरडलो. नियम गेला खड्ड्यात. माझा आवाज तुला माहीत आहे, बांधकामाच्या दुसऱ्या टोकाचा गवंडी वळून बघतो. बाग सगळी वळली. तिला ऐकूच आलं नाही. बादली उलटली, पाण्याने तिला पाटावर आपटलं, आणि हनुवटी फुटली. पाणी लाल झालं. आई धावली, उचलून घेऊन गेली. मी हात पसरून तिथेच उभा होतो, बुटात पाणी शिरेपर्यंत.

ऐकण्याची ती यंत्रं पाण्यात चालत नाहीत, ती काढावी लागतात, हे मला माहीत होतं. बादलीआधी घंटा वाजते हेही माहीत होतं. ती मीच लावली. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात इतकी वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांची कधी गाठच पडली नाही. न दिसणाऱ्या मुलाचा विचार केला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि ऐकू न येणारं मूल त्याच बादलीखाली उभं होतं.

आम्ही सध्या बांधतोय त्या नव्या बागेत अशा तीन बादल्या आहेत. तिन्हींना घंटा. उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे.

यावेळी मुद्दाम काही चुकवलेलं नाही.


१३ एप्रिल

भिंगरी,

'ग्राह्य.' आणि त्याखाली, 'त्या मुलीला जास्त लागलं का?'

मला माहीत नाही. मी नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही, हात पसरून उभा राहिलो. त्यानंतर रोज संध्याकाळी जातोय. येत नाहीत त्या. पहारेकऱ्याला सांगून बादलीचा नळ बंद करून घेतला, तर आता मुलं माझ्यावर खवळली आहेत. एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्हीच बंद केली ना? तुमच्याशी कट्टी." आजकाल लहान-मोठ्या सगळ्याच बायका माझ्याशी कट्टी घेतात.

काल नव्या बागेची बैठक होती. पेन्सिलकाका वाटेत म्हणाला, "पाटी लावू. 'बादलीखाली उभे राहू नये.' काम झालं." मी म्हटलं, बादलीखाली उभं राहायलाच तर बादली आहे. तो म्हणाला, मग आत्ता गप्प राहा, उद्घाटन होऊ दे, नंतर हळूच बदलू.

हळूच बदलायला मलाही आवडलं असतं. पण उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, बागखात्याच्या बाई खुशीत होत्या, सगळे उठायच्या बेतात होते. तिथे नाही बोललो तर पुढे सगळं 'बघू'वर जाणार हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "बाई, या बादल्या सुरू करायच्या नाहीत."

"म्हणजे? तुम्हीच मंजूर केल्यात ना?"

"मीच. म्हणून मीच सांगतोय. ऐकू न येणाऱ्या मुलाला या बादल्या आधी काही सांगत नाहीत."

"अशी किती मुलं येणार हो?"

"एक मी पाहिली आहे. तिची हनुवटी फुटली."

पेन्सिलकाकाने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. बाई कागद गोळा करत म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? आम्ही ठरवतो."

बाहेर बाक आहे, पाण्याच्या यंत्राशेजारी. अरुंद आहे. नीट बसताही येत नाही आणि उठून जावं तर आत काय चाललंय ते कळत नाही. दारातून हसण्याचा आवाज येतो आणि वाटतं आपल्यालाच हसतायत. शिपाई दोनदा विचारून गेला, "काम काय आहे?" त्या दिवशी तू याच बाकावर किती वेळ बसली होतीस हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी आत उताराचा रंग ठरवत होतो.

उद्घाटन पुढे ढकललं आहे. बाई माझ्यावर नाराज आहेत. आधी जुन्या बागेत करून दाखवा म्हणाल्या, मगच नवीला हात लावा.

पण काय करून दाखवू? दिवा लावला तर भर उन्हात कोणाला दिसणार, हे तूच परवा वर्गात त्या टोपीवाल्या वास्तुविशारदाला सुनावलंस. पाठमोऱ्या मुलाला काय दिसतं? काहीच नाही. मग त्याला काय कळतं? मी घरातून अनवाणी फेऱ्या मारतोय. आई म्हणते, फरशी झिजेल.


४ मे

भिंगरी,

पाय.

पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाचे पाय जमिनीवर असतात, किंवा बूड, किंवा खुर्चीची चाकं आणि पाय ठेवायची पट्टी. बादलीभोवती जमिनीत बारीक फवारे घेतलेत. बादली भरत आली की ते आधी गुदगुल्या केल्यासारखे येतात, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग बादली. घंटाही ठेवली आहे. ज्याला जे कळेल त्याने ते घ्यावं. जुन्या बागेतली फरशी उखडून नळ टाकले, मी स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक तोंड तपासलं. आता उठताना आईचा हात लागतो.

हा अखेरचा स्वाध्याय. 'या अभ्यासक्रमातून आपण काय शिकलात?' मी खूप काही लिहून खोडलं. मी बोलत असलो की मला काही दिसत नाही, हे शिकलो. या वयात शिकलो म्हणून त्याची लाज वाटते आणि ती वाटू दे.

पण माझी घालमेल वेगळीच आहे. सूचनेत लिहिलंय की तेरा तारखेनंतर ही चौकट बंद होईल. परवाना मिळेल न मिळेल, माझं वय होतच आलंय. पण चौकट बंद झाली की मी तुला कुठे लिहू? आईकडे तुझा पत्ता आहे, पण तू स्वतःहून दिलेला नाहीस. अनुत्तीर्ण केलंस तर पुढच्या तुकडीत पुन्हा बसता येतं का? नियमावलीत सापडलं नाही. म्हणून मार्गदर्शकांना विचारतोय.

मला तुझी फार आठवण येते. हे विषयाशी संबंधित आहे की नाही ते तू ठरव.


१९ मे

भिंगरी,

हे हाताने लिहितोय. तुझा शेवटचा शेरा 'उत्तीर्ण' एवढाच होता. त्यानंतर चौकट राखाडी झाली, आत अक्षर उमटेना. म्हणून तू तुकडीला घेऊन आज सकाळी जुनी पाणबाग बघायला येणार असं पत्रक आल्यावर मी काल रात्रीपासून बूट घालून बसलो होतो, असं आई तुला सांगेल. खोटं आहे. पहाटेपासून.

तू आलीस, सगळ्यांना नमस्कार केलास, त्यात मलाही केलास. मी काही बोललो नाही. तुझा नियम होता. पण सकाळी जे झालं त्यातलं थोडं तुला दिसलं नसेल, म्हणून लिहितो.

पिवळी टोपी आली होती. पहारेकऱ्याने तिच्या आईला कुठेतरी गाठून सांगितलं म्हणे की बादली बदलली, एकदा येऊन बघा. हनुवटीवर बारीक रेघ राहिली आहे. आई माझ्याच बाकावर बसली, डबी मांडीवर ठेवून. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "गेल्या वेळी इथेच पडली हो. ज्याने ही बादली बसवली ना, त्याला एकदा कान बंद करून खाली उभं करायला हवं होतं."

मी म्हणालो, "हो."

फक्त हो. मी घंटेबद्दल सांगितलं नाही, नळांबद्दल सांगितलं नाही, मी मीच आहे हेही सांगितलं नाही. तू पलीकडे उभी होतीस आणि ऐकत होतीस. ते मला उशिरा कळलं.

मुलगी आधी बादलीच्या जवळच जाईना. कडेकडेने फिरत राहिली. मला बोलावंसं वाटत होतं, आणि बोलून काही उपयोग नव्हता. मग पायाशी फवारे आले. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि मागे सरली. बादली उलटली. तिने पुन्हा वाट पाहिली. पुन्हा फवारे, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती फवारे आल्यावर मुद्दाम आत जाऊन उभी राहिली आणि डोक्यावर पाणी घेतलं. एवढ्या मोठ्याने हसली की तुझ्या तुकडीने लिहिणं थांबवलं.

त्यांच्यातला एक मला विचारायला आला, "सर, तुम्हाला हे कसं सुचलं?" मी त्या मुलीच्या आईकडे बोट दाखवलं. "यांना विचारा, अजून काय चुकलंय." आणि त्या बाईने तिथल्या तिथे सुनावलं की ओले कपडे बदलायला आडोसा नाही, मोठ्या मुलांना काय उघड्यावर बदलायचं? तुझी तुकडी लिहीत सुटली. मीही लिहून घेतलं.

मग तुकडी गेल्यावर तू चपला काढल्यास, दोन्ही कानांत बोटं घातलीस, डोळे मिटलेस आणि बादलीखाली जाऊन उभी राहिलीस. परीक्षक म्हणून, असं मी समजलो. फवारे घोट्यापर्यंत आले. तू हलली नाहीस. गुडघ्यापर्यंत आले. त्या मुलीने धावत येऊन तुझा हात ओढला. तरी तू हलली नाहीस. मी बाकाची कड धरून बसलो होतो, ओरडलो नाही. अख्खी बादली तुझ्या अंगावर आली.

तू निथळत माझ्यापर्यंत आलीस. मला वाटलं आता शेरा येणार. तू म्हणालीस, "बाबा, घरी माझे काही कपडे आहेत का?"

आहेत ना. सगळे आहेत. आईने कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवले आहेत. पण हे एवढं मला बोलता येईना. तोंड उघडलं आणि नुसतीच मान हलली.

आता तू आतल्या खोलीत आईच्या उशीवर झोपली आहेस आणि आई स्वयंपाकघरात भांडी न वाजवता काम करतेय, जे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. झोपण्याआधी तू बजावलंस, "कपडे वाळले की मी निघणार."

बाहेर कडक ऊन आहे. तुझे कपडे मी सावलीत वाळत घातले आहेत.

तुझा
बाबा